तीन एलपींचा बॉक्स आणि लायसियमचा बेस

वर कुणीतरी लिहिलंय की रेगे गायक बॉब मार्लेचा लंडनच्या लायसियम थिएटरमधल्या कॉन्सर्टचा अल्बम 'लाइव्ह!' तीन एलपीत (मोठ्या विनाइल रेकॉर्डवर) परत काढणं म्हणजे निव्वळ पैसे उकळणं, कॉन्सर्टच्या दोन रात्रींची तीच तीच गाणी कोण ऐकणार. अर्धं पटलं. ज्याला फक्त गाणी हवीत त्याने 1975 चा एका एलपीचा सात गाण्यांचाच घ्यावा, तो जेमतेम 37-38 मिनिटांचा आहे म्हणजे एका बाजूला वीस मिनिटंसुद्धा नाहीत, त्यामुळे रेकॉर्डवरच्या खाचांना जागा मिळते आणि फॅमिली मॅन बॅरेटचा बेस गिटार कोंबल्यासारखा वाटत नाही, रेगेत तो गेला तर उरलं काय!

पण 'नो वूमन नो क्राय'चं स्टुडिओतलंच बरं, हे त्याचं म्हणणं काही मला मान्य नाही बुवा. 'नॅटी ड्रेड' या स्टुडिओ अल्बमवर त्या गाण्यात ड्रम मशीन आहे, नीट ऐका, टिकटिक जाणवेल. लायसियमला मागे ड्रमवर कार्लटन बॅरेट स्वतः बसलाय आणि गाणं पावणेचार मिनिटांवरून सातच्या वर गेलंय, घाई म्हणून नाही. रोलिंग स्टोन्स या बँडच्या मोबाइल स्टुडिओवर, म्हणजे ट्रकमधल्या फिरत्या स्टुडिओवर, हे रेकॉर्ड झालं, म्हणूनच बहुतेक पब्लिकचा आवाज मागे कुठेतरी न राहता गाण्यातच मिसळलाय. मित्राकडे चांगल्या स्पीकरवर ऐकलं तेव्हा मार्लेच्या आधी लोकच गायला लागतात ते अंगावर आलं, फोनवर इतकी वर्षं ते नुसती गर्दी वाटायचं.