मदत हवी आहे: २२ पानी काळं-पांढरं मराठी कॉमिक छापायचंय (फाइल, कागद, पिना, अक्षरं)

कोरा_कागद

मंडळी, मराठी कॉमिकची सगळी चित्रं तयार आहेत. गोष्ट २२ पानांची, आत काळं-पांढरं, कव्हर रंगीत. १०० प्रती काढून इंडी कॉमिक्सच्या मेळ्यात टेबलावर मांडायच्या आहेत. सध्याची परिस्थिती:

- मूळ चित्रं ए४ कागदावर. निळ्या पेन्सिलीने रेखाटन, वरून शाई.
- स्कॅन ३०० डीपीआय, ग्रे, जेपीजी. निळ्या रेघा करड्या होऊन दिसतायत.
- छापील आकार अमेरिकन कॉमिकचा ठरवलाय, ६.६२५ × १०.२५ इंच.
- पान ९ आणि १० मिळून एकच मोठं चित्र आहे.
- संवाद फोटोशॉपमध्ये टाइप केलेत, काही जोडाक्षरं फुटतायत.

प्रेसवाले म्हणतात, 'पीडीएफ द्या, बाकीचं आम्ही बघून घेतो.' नेमकं काय तपासून द्यावं? आणि पानांची मांडणी समजण्यासाठी सुपरहिरो सोडून कुठली काळी-पांढरी कॉमिक्स बघावीत? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

फर्मा१६

'बाकीचं आम्ही बघून घेतो'मध्ये पानांचा क्रम बसत नाही, तो तुमच्याकडूनच बरोबर जायला हवा.

आत्ता घरातले सहा कोरे ए४ घ्या, एकात एक घालून मधोमध दुमडा आणि पेन्सिलीने १ ते २४ आकडे टाका. ही तुमची डमी. आता पान ९ उघडा. ते उजव्या हाताला येतं आणि १० त्याच्याच पाठीमागे. म्हणजे तुमचं मोठं चित्र अर्धं वाचून झाल्यावर पान उलटावं लागणार. जोडचित्र नेहमी सम आकड्याच्या पानावर सुरू व्हायला हवं.

सेंटर पिनिंगला (मधल्या घडीवर पिना) पानं चारच्या पटीत लागतात. २२ चालत नाहीत, २४ करा. पान १ वर शीर्षक आणि श्रेय, गोष्ट २ ते २३, पान २४ वर पुढच्या अंकाची जाहिरात किंवा वाचकांसाठी दोन ओळी. जोडचित्र आपोआप १०-११ वर सरकेल आणि समोरासमोर येईल. कव्हरची चार पानं वेगळी, म्हणून कोटेशन मागताना '२४ + ४' असं म्हणा.

एक मेख आहे. सलग एकाच कागदावर छापलं जाणारं जोडपान फक्त मधलं असतं, म्हणजे १२-१३. पान १० चा जोडीदार १५ आहे आणि ११ चा १४. (एका कागदावरच्या जोडीची बेरीज कायम २५.) म्हणजे तुमच्या चित्राचे दोन अर्धे दोन वेगळ्या कागदांवर छापून पिनेवर भेटणार. तिथे मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच. मधल्या रेषेवर चेहरा, डोळा किंवा अक्षर ठेवू नका. आडवी सरळ रेघ, म्हणजे क्षितिज किंवा टेबलाची कड, तिथून गेली तर तुटलेली लगेच दिसते.

पीडीएफ देताना सुटी पानं क्रमाने द्या, १, २, ३ अशी. जोड्या लावून देऊ नका, इम्पोझिशन त्यांचं सॉफ्टवेअर करतं. दोघांनीही जोड्या लावल्या तर गोष्टीचा गोपाळकाला होतो.

टाक_दौत

अमेरिकन आकाराचा हट्ट सोडा. कारणं दोन.

एक, तुमचे मूळ कागद ए४ आहेत. त्यांचं प्रमाण त्या आकाराशी जुळत नाही. उंची बसवली तर रुंदीतून साधारण १६ मिमी कापावी लागेल. ए५ ला मात्र ए४ सरळ ७१ टक्क्यांवर बसतो.

दुसरं, डिजिटल प्रेसचा कागद बहुतेक ठिकाणी १३ × १९ किंवा १२ × १८ इंच असतो. अमेरिकन आकाराची उघडी जोडी त्यावर एका बाजूला एकच मावते, म्हणजे २४ पानांना सहा शीट. ए५ च्या दोन जोड्या ब्लीडसकट (कापण्यासाठी कडेबाहेर ठेवलेलं जास्तीचं चित्र) १३ × १९ वर बसतात, म्हणजे तीन शीट. छपाईचा खर्च जवळजवळ निम्मा. प्रेसकडे फक्त १२ × १८ असेल तर ए५ + ब्लीड कडेला घासतो, तिथे डेमी १/८ (५.५ × ८.५ इंच) घ्या, तो आरामात बसतो.

ब्लीड चारही बाजूंनी ३ मिमी. चौकटी आणि अक्षरं कटिंगच्या रेषेपासून ८ मिमी आत, पिनेच्या बाजूला १० मिमी. ज्या पानांभोवती पांढरा समास आहे तिथे ब्लीडची गरज नाही. जोडचित्र कडेपर्यंत न्यायचं असेल आणि मूळ कागदावर जास्तीचं चित्र नसेल तर ते ४ टक्के मोठं करून घ्या.

कागद: आत १०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) मॅपलिथो (चकाकी नसलेला छपाईचा कागद), नॅचरल शेड मिळाली तर उत्तम. ७० वर मागची शाई दिसते. कव्हर २५० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. क्रीझिंग (घडीच्या जागी आधी खाच) सांगून करून घ्या, नाहीतर पाठीवरचा टोनर दुमडताना तडकतो आणि काळ्या कव्हरवर पांढरी भेग पडते. ग्रेन (कागदाच्या तंतूंची दिशा) पाठीला समांतर हवा, वर सांगितलेल्या मांडणीत १३ × १९ चा लाँग ग्रेन. उलटा आला की अंक तोंड वासून बसतो, कितीही दाबला तरी.

निळी_पेन्सिल

स्कॅन नव्याने करावं लागेल, त्याला पर्याय नाही.

६०० डीपीआयवर, रंगीत स्कॅन करा. काळं-पांढरं छापायचं असलं तरी रंगीतच. मग चॅनेल्समधून फक्त निळा चॅनेल ठेवा. निळी रेघ निळ्या चॅनेलमध्ये कागदाइतकीच उजळ असते, म्हणून गायब होते. शाई काळीच राहते. ग्रेमध्ये स्कॅन केलं की तिन्ही चॅनेल मिसळतात आणि निळ्याचं करडं होतं, तेच तुम्हाला दिसतंय. त्यावर ब्राइटनेस वाढवत बसलात तर बारीक शाईसुद्धा जाईल.

पुढे: ग्रेमध्येच छापील आकाराला आणा, १२०० डीपीआय करा, आणि मग थ्रेशोल्ड (कुठून काळं, कुठून पांढरं याची सीमा) देऊन बिटमॅप करा, म्हणजे नुसतं काळं आणि पांढरं, मधलं करडं नाही. क्रम उलटा केला तर तिरक्या रेघांना करवतीचे दात येतात. सेव्ह टिफमध्ये. जेपीजी काळ्या रेघेभोवती मुंग्यांसारखी घाण सोडतं, स्क्रीनवर कळत नाही, छापल्यावर कळतं.

७१ टक्क्यांवर आल्यावर ०.२५ पॉइंटपेक्षा बारीक रेघा तुटतात. दाट आडव्याउभ्या छटा असतील तर आधी त्या आकाराची एक प्रिंट काढून बघा, मधल्या फटी भरून काळा डाग होतो. ठिपक्यांचा टोन वापरला असेल तर तो आकार कमी केल्यानंतरच लावा. मूळ चित्रावर ६० लाइनचा (इंचाला ठिपक्यांच्या ६० ओळी) लावलेला टोन ए५ वर ८५ चा होतो, आणि ग्रेमध्ये राहिला तर वर मोआरेची (ठिपक्यांवर ठिपके पडून होणारी) नक्षी उमटते.

शिरोरेखा

अक्षरांबद्दल सविस्तर लिहिते, कारण मराठी कॉमिक्स इथेच सगळ्यात जास्त मार खातात. चित्र सुरेख असतं आणि फुग्यात 'दुसर्‍या' ऐवजी 'दुसर्या' छापलेलं असतं.

१) जोडाक्षरं फुटतायत याचं कारण फोटोशॉपचं टाइप इंजिन. प्रेफरन्सेसमधल्या टाइपमध्ये जाऊन वर्ल्ड-रेडी (जुन्या आवृत्तीत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन') निवडा, प्रोग्राम बंद करून उघडा, आणि पॅरेग्राफच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. जुनी टाइप लेयर आपोआप सुधारत नाही, प्रत्येकीवर हे द्यावं लागतं.

पण खरं तर अक्षरं फोटोशॉपमध्ये बसवूच नका. इलस्ट्रेटर, इनडिझाइन किंवा फुकटात इंकस्केप वापरा, तिथे अक्षर व्हेक्टर राहतं. स्क्रायबस घेणार असाल तर १.६ घ्या. १.४ ला देवनागरी जोडता येत नाही.

२) ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य. इंग्रजी कॉमिकमध्ये ओरडणं दाखवायला अक्षरं सुटी करतात, तसं देवनागरीत केलं की शिरोरेखेला खिडक्या पडतात. जस्टिफिकेशनही बंद, फुग्यात मजकूर मधोमध. जोर द्यायला फॉन्टचाच बोल्ड घ्या, फोटोशॉपचा खोटा बोल्ड मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत चिकटवतो.

३) फॉन्ट: हस्ताक्षराचा बाज हवा तर कलम. आवाज, धडाडधूम वगैरेंना बलू. निवेदनाच्या पट्टीला मुक्त. तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, विक्रीच्या अंकात चालतात. ल आणि श मराठी वळणाचे हवेत तर फॉन्टमध्ये ती सोय आहे का बघून मजकुराची भाषा 'मराठी' ठेवा. टिरो देवनागरी मराठीत ती वळणं मुळातच आहेत, पण तो पुस्तकी वळणाचा फॉन्ट, फुग्यात जरा सोवळा दिसतो.

४) मोजमाप: देवनागरी त्याच पॉइंटला इंग्रजीपेक्षा लहान वाटते. ए५ वर १० ते १०.५ पॉइंट, ओळींतलं अंतर १३ ते १४. त्याहून कमी केलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. एका फुग्यात २०-२५ शब्द पुरे. ओळी लहान-मोठी-लहान अशा तोडा. आपल्या ओळीला शिरोरेखेमुळे सपाट डोकं असतं, गोल फुग्यात वरचे कोपरे टेकतात, म्हणून फुगा थोडा रुंद आणि कडा सैल ठेवा.

५) शेवटी आउटलाइन, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकणं. सगळं प्रूफ वाचून झाल्यावरच, कॉपी फाइलवर. आउटलाइन केल्यावर ध्वनिशब्दांना पांढरी कड देणार असाल तर आधी पाथफाइंडरमध्ये युनाइट करा. देवनागरी अक्षरं शिरोरेखेवर एकमेकांवर चढलेली असतात, न जोडता कड दिली तर प्रत्येक सांध्यावर चीर दिसते.

मुरलेला_वाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली).

वाचायचं म्हणाल तर मांडणी शिकायला जेफ स्मिथचं 'बोन' घ्या. १९९१ ते २००४, ५५ अंक, बहुतेक स्वतःच प्रकाशित केलेलं आणि मूळ काळं-पांढरं. ठळक ब्रशची रेघ, भरपूर मोकळी जागा, म्हणून लहान आकारातही वाचता येतं. नंतरच्या रंगीत आवृत्त्या निघाल्यात, तुमच्या कामाची एकखंडी काळी-पांढरी. डेव्ह सिमचं 'सेरेबस' (१९७७ ते २००४, ३०० अंक) अक्षरांसाठी बघा, आवाजाचा चढउतार तो फुग्याच्या आकारातून दाखवतो. सिमच्या विचारांबद्दल मात्र सावध, नंतरचे खंड झेपतीलच असं नाही.

आपल्याकडचं ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' (१९९४, कल्पवृक्ष) हवंच. नर्मदा खोऱ्यातली गोष्ट, म्हणजे आपल्या नंदुरबारच्या शेजारचीच. २०२२ मध्ये ब्लाफ्टने पुन्हा काढलंय. 'भीमायन' (२०११, नवयान) काळं-पांढरं नाही, तरी शिरोरेखाताईंच्या मुद्द्यासाठी बघा: दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी चौकटीच टाकल्या नाहीत, मवाळ बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचा फुगा आणि विखारी बोलण्याला विंचवाची नांगी. फुले वाचणाऱ्यांसाठी 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' (२०११, नवयान), 'गुलामगिरी'वर आधारलेलं, श्रीविद्या नटराजन आणि अपर्णा निनान... नाही, अपराजिता निनान यांचं.

कोरा_कागद

डमी केली, ९-१० चा घोळ लगेच दिसला. १०-११ वर नेतोय, आकार ए५. आणखी तीन शंका: काळा रंग नेमका कुठला द्यायचा, ऑफसेट परवडेल का, आणि आयएसबीएन लागतो का?

फर्मा१६

काळा: आतली पानं बिटमॅप आणि अक्षरं के १०० (फक्त काळी शाई), बाकी तीन रंग शून्य. फोटोशॉपचा आरजीबी काळा तसाच गेला तर तो चार रंगांत फुटतो, अक्षरांना रंगीत झालर येते, आणि मशीन ते पान रंगीत म्हणून मोजतं. बिल तिथेच फुगतं. कव्हरवर मोठा काळा भाग असेल तर नुसता के १०० धुरकट दिसतो, तिथे सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० द्या. पण कव्हरवरची बारीक काळी अक्षरं के १०० च, ओव्हरप्रिंट (खालच्या रंगावर सरळ छपाई) लावून.

ऑफसेट १०० प्रतींना नाही. प्लेटा आणि मशीन लावण्यातली नासाडी १०० प्रतींवर वाटली तर किंमत डोळे पांढरे करते. ५०० च्या पुढे दोन्ही कोटेशनं मागवा.

आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) टेबलावर विकायला लागत नाही. भारतात फुकट मिळतो, सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, वेळ धरून ठेवा. दर काही महिन्यांनी अंक काढणार असाल तर तो प्रकार आयएसएसएनचा (नियतकालिकाचा क्रमांक).

टाक_दौत

किमतीबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगतो. प्रतीला छपाई ४५ रुपये पडली असं धरा आणि किंमत १२० ठेवलीत. दुकानात ४० टक्के गेले की हातात ७२, म्हणजे सुटले २७. किंमत ८० ठेवलीत तर दुकानातून हातात ४८, म्हणजे सुटले जेमतेम ३. टेबलावरची किंमत ठरवताना हा हिशेब आधी करा, नंतर किंमत वाढवता येत नाही.

पोस्टाने पाठवणार असाल तर अंकाचं वजन ५३-५४ ग्रॅम भरेल. मागे कडक पुठ्ठा घाला, कोपरे मुडपलेला अंक परत येतो.

कोरा_कागद

प्रेसवाले पीडीएफचं प्रूफ व्हॉट्सअपवर पाठवतो म्हणतायत. तेवढं पुरेल?

शिरोरेखा

नाही. त्याच मशीनवर, त्याच कागदावर एक पूर्ण प्रत पिना मारून, कापून मागा. पैसे घेतील, द्या. त्यात चार गोष्टी बघायच्या: १०-११ चा सांधा, पान १३ चा बाहेरचा समास (कापताना मधल्या पानांवर फरक पडतो), दोन पिना बरोबर घडीवर आहेत का, आणि प्रत्येक फुगा मोठ्याने वाचून काढणं. हे शेवटचं गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला करायला द्या. कुठे आउटलाइन राहून गेली आणि पीडीएफमध्ये फॉन्ट जोडलेला नसेल तर त्यांच्या मशीनवर दुसराच फॉन्ट येतो आणि 'क्ष' च्या जागी चौकोन छापला जातो, ते फोनवरच्या पीडीएफमध्ये दिसेलच असं नाही.