गोल्फ स्विंगचा स्पीड ८८ वरून ९६ झाला पण ड्राइव्ह तिथंच पडतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, साताऱ्याहून लिहितोय. वय ४६, गोल्फ सुरू करून साडेतीन वर्षं झाली, हँडिकॅप २१ (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला). घराजवळ रेंज, म्हणजे बॉल मारायच्या सरावाचं मैदान नाही त्यामुळे महिन्यातून दोन रविवार पहाटे साडेचारला निघायचं, खंबाटकी ओलांडून पुणे गाठायचं आणि बाकीचे दिवस घरच्या जाळीत. जाळी म्हणजे रानात गोठ्याच्या मागं चार लोखंडी पाइप रोवून बांधलेलं नायलॉनचं जाळं, खाली विकतची मॅट आणि त्यात रबरी टी, म्हणजे बॉल ठेवायची खुंटी. रोज संध्याकाळी ४० बॉल मारतो, पाऊस असला तरी वर पत्रा आहे.

आता अडचण सांगतो, जरा लांबण लागेल. फेब्रुवारीत पुण्यात एका रेंजवर लाँच मॉनिटरवर (क्लब आणि बॉलचा वेग वगैरे मोजणारं मशीन) ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, मारून बघितला होता. तेव्हा क्लबचा स्पीड ताशी ८८ मैल, बॉलचा स्पीड १२६, स्पिन, म्हणजे बॉलचं स्वतःभोवती फिरणं, मिनिटाला २९०० च्या आसपास आणि कॅरी, म्हणजे बॉल हवेतून जाऊन पडतो ते अंतर, १९८ यार्ड. तिथल्या एका कोचनं सांगितलं की तुमचं टेक्निक ठीक आहे, ताकद कमी पडतीये, स्पीड वाढवा, अंतर आपोआप वाढेल. सगळीकडे वाचतो तेच त्यांनी सांगितलं, ताशी १ मैल वाढला की साधारण अडीच यार्ड मिळतात. मी मनावर घेतलं. हलकी, मध्यम, जड अशा तीन काठ्या आणल्या, आठवड्यातून तीनदा जोर लावून फिरवायच्या, सकाळी स्क्वॉट आणि डेडलिफ्ट. एक छोटा रडार आणला तो बॉलच्या मागं ठेवायचा आणि आकडा बघायचा. ९०, ९२, ९४ असं करत जुलैअखेर ९६ आला. त्या दिवशी घरी कंदी पेढे नेले होते, इतका आनंद झाला होता.

मागच्या रविवारी परत त्याच रेंजवर, त्याच मशीनवर मारलं. क्लब ९६. बॉल १२८. स्पिन ४१००. कॅरी १९४ यार्ड. म्हणजे सहा महिने राबून चार यार्ड गेले. बॉल वर चढतो, पतंगासारखा तिथंच तरंगतो आणि उजवीकडं वळून पडतो. ८ मैलांच्या हिशोबानं मला २० यार्ड जास्त मिळायला हवे होते.

लाँच मॉनिटर बनवणाऱ्या ट्रॅकमॅन कंपनीनं काही वर्षांपूर्वी काढलेले एलपीजीए टूरचे (व्यावसायिक महिला गोल्फपटूंच्या स्पर्धांचे) सरासरी आकडे बघून तर मी रात्रभर विचार करत बसलो. त्यात क्लबचा स्पीड ९४, बॉलचा १४० आणि कॅरी २१८ यार्ड आहे. माझा क्लब त्या खेळाडूंपेक्षा २ मैलांनी जास्त फिरतो आणि बॉल २४ यार्ड अलीकडं पडतो. आपली अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली तेव्हा मी पहाटे उठून बघत होतो, ती तर तिथल्या सगळ्यात कमी अंतर मारणाऱ्यांपैकी होती तरी मेडलच्या दारापर्यंत गेली. म्हणजे अंतर हेच सगळं नाही हे मला पटतं, पण मेहनत जाते कुठं हे तरी कळायला पाहिजे ना. कुणी अनुभवी असेल तर सांगा, स्पीडचं काम चालू ठेवू का सगळं सोडून परत पहिल्यापासून टेक्निक शिकू?

प्रतिसाद (पुण्याहून)

दादा, तुम्ही आकडे दिलेत ते बरं केलंत, नुसतं बॉल जात नाही म्हणणाऱ्याला काय सांगणार. बॉलच्या स्पीडला क्लबच्या स्पीडनं भागा, त्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. फेब्रुवारीत तुमचा १.४३ होता, आता १.३३ आहे. ड्रायव्हरला हा आकडा १.५ च्या आसपास थांबतो कारण फेस, म्हणजे क्लबचा बॉलला लागणारा सपाट भाग, किती स्प्रिंगसारखा असावा यावर नियमानंच मर्यादा आहे. तुम्ही वर दिलेल्या आकड्यांत १४० भागिले ९४ केलं तर १.४९ येतं. म्हणजे क्लब जोरात आला पण बॉलला नीट भेटला नाही. बॉल फेसवर जेमतेम अर्धा मिलीसेकंद असतो, त्या क्षणी फेसचा मधला भाग बॉलमागं नसेल तर मागचा सगळा वेग वाया.

दुसरं, स्पिन ४१०० ड्रायव्हरसाठी खूप जास्त. त्याची नेहमीची कारणं दोन, क्लब वरून खाली येत बॉलवर पडतोय किंवा बॉल फेसच्या खालच्या भागात लागतोय. दोन्ही एकदम पण असू शकतं. आणि उजवीकडं वळतोय म्हणजे क्लबचा मार्ग बाहेरून आत येतोय आणि त्या मार्गाच्या मानानं फेस उघडा राहतोय, किंवा बॉल हीलला, म्हणजे फेसच्या दांड्याकडच्या भागाला लागतोय, हीलला लागला की उजव्या हातानं खेळणाऱ्याचा बॉल उजवीकडंच वळतो.

मला एक सांगा, जाळीत मारताना बॉल कुठं जातो ते तुम्हाला दिसतं का? आणि टी किती उंच आहे?

प्रतिसाद (धागाकर्ता)

नाही हो, जाळी ९ फुटांवर आहे, काहीच दिसत नाही. मी फक्त रडारचा आकडा बघायचो. टी मॅटवरची रबरी, मोजून सांगतो.

प्रतिसाद (सांगलीहून)

काका, मी सांगलीचा, माझं वय तुमच्यापेक्षा बरंच कमी आहे पण हीच चूक मी दोन वर्षांपूर्वी केली आणि वर कंबर धरली ती वेगळीच, म्हणून लिहितोय. काठी फिरवताना समोर बॉल नसतो, त्यामुळे शरीराला फक्त वेग शिकवला जातो, भेट शिकवली जात नाही. मग बॉल समोर आला की आपण खांद्यानं आणि हातानं ओढतो, कंबर बॉलकडं पुढं सरकते, हाताला जागा उरत नाही आणि बॉल हीलला लागतो.

तुम्ही कधी गोफण फिरवलीय का? हातानं जोर लावला की दगड जवळच पडतो आणि भलतीकडं जातो. आधी कंबर वळते, मग खांदा, मग हात, दोरी सगळ्यात शेवटी येते आणि तीच सगळ्यात जोरात येते. ड्रायव्हरचं पण हेच आहे, क्लबचं डोकं मागं राहिलं पाहिजे, आपण त्याला ढकलायचं नाही.

आज एक करा, ड्रायव्हरच्या फेसवर टाल्कम पावडर शिंपडा आणि वीस बॉल मारा, प्रत्येक बॉलनंतर ठसा बघा आणि पुसून परत पावडर लावा. हे लाँच मॉनिटरपेक्षा जास्त सांगतं.

प्रतिसाद (धागाकर्ता)

गोफण म्हटल्यावर आजी आठवली. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभी राहायची, सत्तरीची बाई, अंगात ताकद काय असणार, पण दगड अख्खं रान ओलांडून पलीकडच्या बांधाला जायचा. मी लहानपणी तिच्यापेक्षा जास्त जोर लावायचो आणि माझा दगड माळ्याखालीच. ती म्हणायची घाई करू नकोस, दोरी तणू दे. ४६ वर्षांचा झालो आणि आत्ता त्याचा अर्थ लागतोय.

काल पावडर लावून वीस बॉल मारले. १४ ठसे हीलकडं आणि त्यातले ११ खालच्या बाजूला. मधोमध फक्त २. फोटो टाकले असते पण ठसे बघून मलाच इतकं वाईट वाटलं की पुसून टाकले.

टी पण मोजली. बॉल ठेवल्यावर तो ड्रायव्हरच्या वरच्या कडेपेक्षा वर दिसतच नाही, सगळा फेसच्या आडच राहतो. माझ्या वाचनात असं होतं की अर्धा बॉल वर दिसला पाहिजे. म्हणजे इतके महिने आखूड टीवर मारून मारून मी क्लब खाली आपटायलाच शिकलो, नाहीतर बॉल लागलाच नसता. आज रानातली ठिबकची जुनी १६ मिलीमीटरची नळी कापली, मॅटच्या भोकात घट्ट बसवली, आता अर्धा बॉल वर दिसतो. बॉल डाव्या टाचेच्या रेषेत घेतला, उजवा खांदा किंचित खाली ठेवला आणि रडार उलटा करून ठेवला. बारा बॉल मारले, सात ठसे मधल्या रुपयाएवढ्या जागेत आले. आवाजच वेगळा होता, आधी लाकूड फुटल्यासारखा टक् यायचा, आता भरीव. शेवटी न राहवून रडार सरळ केला तर ९१.

प्रतिसाद (पुण्याहून)

दादा, ९१ ला स्मॅश १.४५ आला तरी बॉलचा स्पीड १३२ होईल, म्हणजे ९६ ला मिळत होता त्यापेक्षा ४ मैल जास्त. स्पिन उतरला तर कॅरी अजून वाढेल. कमावलेले ८ मैल कुठं जात नाहीत, पाय आणि पाठ तयार झालीच आहे. आठ आठवडे ठसा मधोमध आणा मग हळूहळू वेग सोडा. ठिबकच्या नळीची टी मात्र मी पण करून बघणार.

प्रतिसाद (धागाकर्ता)

मनापासून धन्यवाद दोघांना. रविवारी पुण्याला जातोय, त्याच मशीनवर मारून आकडे इथंच टाकतो. एकच विचारायचं राहिलं, काठ्या आठ आठवडे पूर्ण बंद ठेवू का आठवड्यातून एकदा चालतील, आणि चालत असतील तर बॉल मारायच्या आधी का नंतर? सांगलीकर, तुझी कंबर कशानं धरली तेही जरा सविस्तर लिही, मला डेडलिफ्टनंतर डाव्या बाजूला सकाळी जरा जड वाटतंय.

प्रतिसाद (सांगलीहून)

काका, जड वाटतंय तर डेडलिफ्ट आजपासून बंद आणि रविवारच्या आधी फिजिओला दाखवा. मी दीड महिना दुर्लक्ष केलं आणि नंतर चार महिने क्लब हातात घेता आला नाही. काठ्यांचं नंतर बघू.