बेल्टेराबद्दल थोडेसे

हेन्री फोर्ड यांच्या ब्राझीलमधील रबरमळ्याची हकिकत 1930 साली फोर्डलांडिया या तापाजोस नदीकाठच्या त्यांच्या पहिल्या मळ्यात झालेल्या कामगारांच्या दंगलीपाशी संपत नाही. तिचा अधिक रंजक भाग त्यानंतर, त्याच तापाजोस नदीच्या खोऱ्यात परंतु सांतारेम शहराच्या बरेच जवळ असलेल्या बेल्टेरात घडला. फोर्डलांडियाची चढउतारांची जमीन आणि पानांवरील बुरशीजन्य करपा यांपुढे हात टेकल्यावर कंपनीने 1934 साली आपल्या जमिनीचा काही भाग सरकारला देऊन बदल्यात हे सपाट पठार घेतले.

करप्यावर उपाय म्हणून येथे दुहेरी कलम केले जाई: मुळे स्थानिक रोपाची, खोड जास्त चीक देणाऱ्या वाणाचे आणि वरचा पर्णसंभार रोगाला दाद न देणाऱ्या झाडाचा. यासाठी आशियातून वाण आणले गेले, आणि गंमत अशी की त्यांचे पूर्वज म्हणजे 1876 साली हेन्री विकहॅम या इंग्रज प्रवाशाने याच तापाजोस परिसरातून इंग्लंडला नेलेले बी होते. हे काम अतोनात खर्चाचे आणि वेळखाऊ होते. त्यातच कृत्रिम रबर आले आणि 1945 साली कंपनीने सगळा पसारा ब्राझील सरकारच्या हवाली केला.

पुढची कित्येक दशके बेल्टेरा सांतारेममध्येच मोडत असे. स्वतंत्र नगरपालिकेचा दर्जा त्याला 1990च्या दशकात मिळाला. अमेरिकी धाटणीची लाकडी घरे आणि आगीचे बंब जोडण्याचे नळखांब तेथे अजून दिसतात, मात्र पठारावर आता सोयाबीनची शेती पसरली आहे.