एक नंबर मोठा बूट घेतला तरी टाचेला फोड येतातच

शटलवाला :
संध्याकाळी बॅडमिंटन, दिवसभर ऑफिसचे चामडी बूट. डाव्या टाचेवर मागच्या बाजूला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याखाली, चवड्यावर, सारखे पाण्याचे फोड येतात. बूट चावतात म्हणून खेळायचे एक नंबर मोठे घेतले, तर टाचेचं आणखीच बिघडलं. सुती मोजे एकावर एक घालून झाले, पावडर झाली. पट्टी लावली तर अर्ध्या खेळात तिची गुंडाळी होऊन मोज्याला चिकटते. सध्या टाचेवर कोटाच्या बटणाएवढा फोड टम्म फुगलाय. फोडू का? आणि हे मुळात थांबवायचं कसं? ‘कातडी निबर होऊ दे, आपोआप थांबेल’ असं जो तो सांगतो. कधी होणार निबर?

पळापळ :
व्हॅसलीन चोपडा आणि विसरून जा. मी तेच करतो.

वॉर्डातली :
पळापळ, व्हॅसलीन थोड्या वेळापुरतं ठीक. सुरुवातीला सगळं मऊसूत, मग ते मोज्यात जिरतं आणि कातडी ओलसर होऊन जास्तच अडकते. लांब पळायचं तर मध्येमध्ये थांबून परत लावावं लागतं. एवढा उत्साह असेल तर जरूर.

शटलवाला, मी नर्स आहे. ड्युटीभर उभी असते आणि सुट्टीच्या सकाळी पळते, त्यामुळे पाय हा माझ्या हक्काचा विषय.

एक करून बघा. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचं बोट दाबून ठेवा आणि न घसरवता पुढेमागे हलवा. कातडी बोटाबरोबर जाते-येते, खालचं हाड जागेवर. बुटात याच्या उलट : कातडी मोज्याला धरून बसलेली, मोजा बुटाला, आणि आत हाड वरखाली होतंय. हा ताण कातडीच्या थरांवर येतो, ते एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या फटीत पाणी भरतं. टाचेची नि तळव्याची कातडी जाड म्हणून तिथे फोड येतो. पायाच्या वरच्या पातळ कातडीवर नुसतं सोलवटतं.

म्हणून मोठा बूट तुम्हाला भोवला. लांबीत जागा हवीच, सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी. पण टाच जागची हलता कामा नये. खेळाच्या बुटाला सगळ्यात वर, जरा मागे सरकून, एक जादा भोक असतं. बहुतेकांचं ते जन्मभर रिकामंच राहतं. नाडीचं टोक त्याच बाजूच्या त्या भोकातून बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका, छोटा फासा राहू द्या. दुसरीकडेही तसंच. आता डावं टोक उजव्या फाशातून, उजवं डाव्यातून. टाच जमिनीवर मागे आपटून बुटात नीट बसवा, दोन्ही टोकं खाली ओढा आणि मग गाठ. घोट्याशी आवळतं, बोटं मोकळी राहतात. त्यानंतरही टाच उचलली जात असेल तर बूट परत करा.

मोज्यांचं म्हणाल तर सुतीवर सुती म्हणजे घामाच्या दोन टाक्या पायात घालणं. आत पातळ, घट्ट बसणारा सिंथेटिक आणि वर लोकरीचा किंवा सिंथेटिक जाड मोजा घाला. सरकणं त्या दोन मोज्यांमध्ये होतं, कातडी वाचते.

निबर कातडीबद्दल : हळूहळू सराव वाढवला तर कातडी तयार होते हे खरं. पण जाड घट्टा झाला की फोड त्याच्या खाली, खोलवर येतो आणि तो भयंकर ठणकतो. घट्टे थोडे घासून कमी ठेवा.

शटलवाला :
नाडीचं कळलं. पट्टीचं काय? आणि फोड?

वॉर्डातली :
पट्टीऐवजी ड्रेसिंगची कागदी टेप घ्या. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी लांब पल्ल्याच्या १२८ धावपटूंवर तपासून २०१६ साली छापलं होतं, टेप लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी निघालं. गुंडाळी होते ती लावण्याच्या पद्धतीमुळे. पाय धुऊन खडखडीत कोरडा करा. टेपचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपराच आधी सुटतो. टाचेला लावताना पाऊल नडगीकडे ओढून धरा. पाऊल खाली सोडून लावलीत तर पहिल्याच पावलाला ताणली जाते. सुरकुती पडली की काढून नवी. फुगलेल्या फोडावर मात्र ही टेप थेट चिकटवू नका, काढताना वरची साल घेऊन येते.

आता फोड. लहान असेल, दुखत नसेल तर हात लावू नका. तुमच्यासारखा टम्म आणि चालताना दुखणारा असेल तर साबणाने हात नि पाय धुवा, सुई स्पिरिटने पुसा, फोडाच्या कडेला दोन-तीन ठिकाणी टोचा आणि पाणी हलकेच दाबून काढा. वरची साल ओढायची नाही, खाली तीच पांघरूण. वर व्हॅसलीन आणि न चिकटणारं ड्रेसिंग. इथे व्हॅसलीन हवंच, पळापळ खूश. आत रक्त दिसत असेल तर टोचू नका. पू, वाढती लाली, पायावरून वर चढणारी लाल रेघ किंवा ताप दिसला तर डॉक्टर, त्याच दिवशी. हसू नका : अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा १९२४ मध्ये मोजे न घालता टेनिस खेळला, बोटाला फोड आला, त्यातून रक्तात जंतू गेले आणि आठवड्याभरात तो गेला. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, आता औषधं आहेत, पण वेळेवर जावं लागतं. मधुमेह असेल तर घरी सुई लावायचीच नाही.

कवायत :
घाम फार येत असेल तर घाम रोखणारं औषध? अमेरिकी लष्करी कॅडेट्सवर १९९८ च्या अभ्यासात २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराईड वापरलं होतं. २१ किलोमीटर चालल्यावर फोड येणारे ४८ टक्क्यांवरून २१ वर आले.

वॉर्डातली :
पुढचंही सांगा की! औषध लावणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या कातडीची आग झाली, खाज सुटली. मी तरी मोज्यांपासून सुरुवात करेन.

शटलवाला :
साखर नॉर्मल आहे. उजव्या चवड्याचं राहिलं.

वॉर्डातली :
उजव्या हाताने खेळता ना? शटल उचलायला उजवा पाय पुढे टाकता, बूट जागीच थांबतो आणि पाऊल आत पुढे घसरतं. वरच्या फाशाने तेही कमी होईल. शिवाय इनसोल बाहेर काढून उजेडात धरा. अंगठ्याखाली कापड झिजून गोळे आले असतील किंवा कड उचलली असेल तर इनसोल बदला. नवीन असूनही त्रास झाला तर गुळगुळीत टेफ्लॉनची चकती मिळते, ती इनसोलवर चिकटवायची, पायाला नाही. आणि ते ऑफिसचे बूट रोज तेच घालू नका, आतून वाळायला एक दिवस तरी द्या.

शटलवाला :
हो, उजव्या हाताने. इनसोल आत्ताच काढून बघितला, अंगठ्याखाली चक्क भोक आहे.