निर्यातीच्या बाटलीला एक कसोटी, आपल्या लेकरांच्या बाटलीला दुसरी का?

वाळूजकर:
औषधांच्या दर्जाबाबत परदेशी तज्ज्ञांशी देवाणघेवाण वाढवावी का, यावर आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये कायम वाद होतो. माझं मत, वाढवावीच. औषध कारखाने तपासणाऱ्या देशोदेशींच्या यंत्रणांचा पीआयसी/एस नावाचा गट आहे. त्यात अमेरिका २०११ मध्ये गेली, इंडोनेशिया २०१२ मध्ये. आपण जगाला औषधं पुरवतो आणि अजून बाहेरच.

२०२२ मध्ये गांबियात लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. भारतातून गेलेल्या पातळ औषधांत जागतिक आरोग्य संघटनेला डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. मग १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधाला सरकारी लॅबचा दाखला सक्तीचा झाला. देशात विकायच्या बाटलीला ती सक्ती झाली नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधानं वीसहून जास्त लेकरं गेली. बाटलीत ते विष ४८.६ टक्के होतं, मर्यादा ०.१ टक्का. हा भेद मला सहन होत नाही.

लातूरचा मेडिकलवाला:
दादा, छिंदवाड्याची भेसळ तमिळनाडूच्या सरकारी लॅबनं पकडली. त्यात परदेशी पाहुणे कामून पाहिजेत? सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांनी पाळायचे दर्जाचे नियम, जानेवारी २०२४ मध्येच आलं, तेच लहान कारखान्यांना झेपेना. अजून एक परीक्षा लादली तर ते बंद पडतील, आणि स्वस्त गोळी शोधत माझ्या काउंटरवर येणारी म्हातारी माणसं कुठं जातील? त्यापेक्षा औषध निरीक्षकांच्या रिकाम्या जागा भरा.

वाळूजकर:
पकडली, पण लेकरं गेल्यावर. ही चूक बाटलीत नाही, ड्रममध्ये पकडायची असते. पातळ औषधात घालायच्या प्रोपिलीन ग्लायकॉलचा ड्रम आला की वरचं लेबल बघून सही करायची नाही. प्रत्येक ड्रमचं सील काढून नमुना घ्यायचा. हे आणि ते विष, दोन्ही द्रव बिनरंगी, नुसतं बघून ओळखू येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं दोन टप्प्यांची पद्धत दिली आहे. आधी टीएलसीची पट्टी, म्हणजे पट्टीवर घटक वेगळे करून बघायची साधी चाचणी, संशय आला तर गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे यंत्रावरची नेमकी मोजणी. पट्टीला महागडं यंत्र लागत नाही. अशी पद्धत देवाणघेवाणीतूनच हाती येते.

परभणीकर:
हे आपल्याला बाहेरून शिकायची वेळ का यावी? १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात ग्लिसरीनमधल्या याच विषानं १४ रुग्ण गेले. त्याची चौकशी करणाऱ्या लेंटिन आयोगानं सगळं लिहून ठेवलं. आधी आपलाच अहवाल पाळा, मग परिषदांना विमानाची तिकिटं काढा.

लॅबवाली ताई:
मी टीबीच्या थुंकीचे नमुने हाताळते. आमचं बायोसेफ्टी कॅबिनेट, म्हणजे जंतू बाहेर येऊ न देणारं कामाचं कपाट, प्रशिक्षणासकट बाहेरच्या मदतीतून आलं. त्याच्या हवेचा वेग आणि फिल्टर दरवर्षी तपासून घ्यावे लागतात, नाहीतर जंतू आमच्याच तोंडावर येतात. तपासणारा माणूस पुण्याहून येतो आणि त्याच्या बिलाची फाइल महिनोन्‌महिने फिरते. जागतिक आरोग्य संघटनेची लॅबच्या सुरक्षेवरची २०२० ची पुस्तिका सांगते, आधी कामातली जोखीम बघा, मग साधनं ठरवा. आमच्याकडे आधी यंत्र आलं. देवाणघेवाण हवीच, पण देखभालीचा पैसा त्याच करारात लिहा.

लातूरचा मेडिकलवाला:
ताईंचं पटलं. वाळूजकर दादा, ड्रमचंही पटलं. पण खर्च लहान कारखान्यावर टाकू नका. संभाजीनगरला एफडीएची, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची लॅब आहे. तिथं मराठवाड्यातल्या लहान कारखान्यांचे ड्रमचे नमुने फुकट तपासून द्या, रिपोर्ट आठ दिवसांत द्या. हे होणार असेल तर तुमच्या पीआयसी/एसला माझा विरोध नाही.