ब्रुखचं ‘कोल निद्रे’ (ओपस ४७): हार्प नसेल तर?

डेक्कनचा_चेलो: मॅक्स ब्रुख या जर्मन संगीतकाराची, ज्यू प्रार्थनेच्या सुरावर बेतलेली ही चेलो-ऑर्केस्ट्राची रचना सप्टेंबरात पुण्यात छोट्या ऑर्केस्ट्रासोबत वाजवायचीय. हार्प मिळत नाहीये, गाळला तर चालेल? शिवाय चेलोची सुरुवात फार तुटक वाटते.

मंद्रसप्तक: अजिबात गाळू नका. डी मायनर (उदास स्वरपट्टी) संपून डी मेजर (उजळ स्वरपट्टी) लागतो तिथे चेलो हार्पच्या आधारानेच गातो. कीबोर्डवर हार्पचा आवाज लावा, पण सस्टेन पेडल (सूर लांबवणारं) दर कॉर्डला, म्हणजे स्वरसमूहाला, बदला, नाहीतर सगळा गिचका होईल.
सुरुवातीचे विराम ब्रुखने मुद्दाम लिहिलेत, सिनेगॉगमधल्या (ज्यू प्रार्थनास्थळातल्या) गायकाच्या हुंदक्यासारखे. ते भरून काढू नका. गज तारेवर दाबून थांबवला की सूर जागीच मरतो. हलका उचला आणि डाव्या हाताचं व्हायब्रेटो (सुराचं कंपन) चालू ठेवा, म्हणजे सूर विरामातही रेंगाळतो. लय ओढाल तर लांब सुरांना गज पुरणार नाही.

पेठेतला_गज: +१. रचनेत ट्रॉम्बोन (पितळी वाद्य) तीन आहेत, नाही मिळाले तरी निभेल. हॉर्न मात्र हवेतच.
दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात, पेग कंपाउंड (खुंट्या नीट फिराव्यात म्हणूनचा लेप) आधीच लावा. बारीक सूर टेलपीसवरच्या (तारा खाली अडकवतात त्या पट्टीवरच्या) फाइन ट्यूनरनेच, म्हणजे छोट्या स्क्रूनेच, मिळवा.

डेक्कनचा_चेलो: आणि रोझिन (गजाला लावायची राळ)?

पेठेतला_गज: कमीच. पावसाळ्यात चिकट होतं, हळू गजाला खरखर येते.