अनुभव धागा: गर्भाशयाची जन्मजात वेगळी रचना आणि गरोदरपण

निशिगंध
भाचीच्या अहवालात 'बायकॉर्न्युएट' (दुशिंगी, म्हणजे वरच्या बाजूला मधोमध खाच पडून दोन भागांत विभागलेले गर्भाशय) असे वाचले आणि माझे जुने दिवस आठवले. लागोपाठ गर्भपात झाल्यावर केलेल्या एचएसजीत (गर्भाशयात रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेत) माझेही गर्भाशय दुशिंगी ठरवले होते. पुढे थ्रीडी सोनोग्राफीत मात्र बाहेरचा माथा सपाट, मधोमध खाच नाही आणि आत केवळ पडदा आहे, असे स्पष्ट झाले. एचएसजीत फक्त आतली पोकळी दिसत असल्याने ही गल्लत सर्रास होते, पण पडदा दुर्बिणीतून कापता येतो आणि दुशिंगी गर्भाशयावर सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत, त्यामुळे निदान पक्के हवेच. आपापले अनुभव लिहा.

पाऊलवाट
माझे गर्भाशय एकशिंगी आहे, म्हणजे त्याची एकच बाजू नीट वाढलेली आहे. दिवस सहज राहिले. धास्ती होती ती अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची, म्हणून सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी वरचेवर मोजत असत. फिरायला जागा नसल्याने बाळ पायाळूच राहिले आणि सिझेरियन करावे लागले. आता तेच बाळ अख्खा पलंग अडवून झोपते, ही भरपाई असावी! जाता जाता सांगते, याच तपासण्यांत मला एकच मूत्रपिंड असल्याचे कळले. हे दोन्ही दोष बरेचदा जोडीने आढळतात.

झुळूक
निशिगंधताई, पडदा कापायलाच हवा का? मला डॉक्टरांनी थांबायचा सल्ला दिला आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पडदा कापलेल्या आणि न कापलेल्या स्त्रियांत जिवंत बाळ जन्मण्याच्या प्रमाणात सुधारणा आढळली नाही, असे ते म्हणाले.

निशिगंध
ती चाचणी लहान होती, जेमतेम 80 स्त्रियांची, त्यामुळे वाद मिटलेला नाही. मी कापून घेतला आणि पुढचे गरोदरपण पूर्ण दिवसांचे झाले, पण त्याचे श्रेय शस्त्रक्रियेलाच द्यावे असे मला वाटत नाही. पडदा तसाच असतानाही अनेकींना सुखरूप मुले होतात.

चांदणवेल
माझ्या धाकट्या बहिणीला गर्भाशयच नाही. बीजकोश उत्तम असल्याने वाढ चारचौघींसारखी झाली, फक्त पाळी आली नाही. सुमारे 5000 मुलींत एकीला असे असते. 2014 साली स्वीडनमध्ये प्रत्यारोपित गर्भाशयातून पहिले बाळ जन्मल्याची बातमी नातेवाईक तिला अजूनही उत्साहाने पाठवतात, पण तिला मूल हवे आहे का, हे कोणी विचारत नाही.

पाऊलवाट
चांदणवेल, बहिणीच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली आहे ना? नसल्यास करून घ्या.